‘यंत्राला वाटते’ : एका वाक्याची शक्यता

१

‘यंत्र लिहिते’ हे वाक्य आज मराठीत कुणाला खटकत नाही. ‘यंत्र मोजते’, ‘यंत्र ओळखते’, ‘यंत्र भाषांतर करते’ ही वाक्येही सहज उच्चारली जातात. ‘यंत्राला वाटते’ या वाक्यापाशी मात्र मराठी भाषक क्षणभर थबकतो. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि त्यांतले शब्दही रोजच्या वापरातले आहेत. तरीही पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना एक उंबरठा ओलांडावा लागतो, आणि तेथे नेमके काय ओलांडले जाते हे सांगणे सोपे नसते. जाणीव असलेले यंत्र घडवता येईल काय, या प्रश्नाची चर्चा गेली पाऊणशे वर्षे तत्त्वज्ञान, मेंदूविज्ञान आणि संगणकशास्त्र यांच्या परिभाषेत होत आली आहे. हाच प्रश्न मराठीच्या विभक्तिव्यवस्थेत आणि मराठी संतकथांच्या परंपरेत ठेवून पाहिला, तर त्याचे स्वरूप बदलते. हा बदल साहित्यसमीक्षेच्या जिव्हाळ्याचा आहे.

मराठी भाषा ‘करणारा’ आणि ‘ज्याला होते तो’ यांत काटेकोर भेद करते. ‘मी पाहिले’ आणि ‘मला दिसले’, ‘मी विचार केला’ आणि ‘मला वाटले’, ‘मी आठवण काढली’ आणि ‘मला आठवले’ या जोड्यांत कृती आणि अनुभव वेगवेगळ्या रचनांत मांडले जातात. भूक, तहान, झोप, थंडी, भीती, लाज, कंटाळा यांतली कोणतीच गोष्ट माणूस ‘करत’ नाही. ती त्याला ‘लागते’, ‘वाजते’, ‘वाटते’, ‘येते’. अनुभव घेणारा येथे प्रथमेत उभा राहत नाही. ‘-ला’ हा प्रत्यय घेऊन तो काहीसा बाजूला सरतो आणि अनुभव त्याच्याकडे चालत येतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून विभक्तींची सविस्तर चर्चा मराठीत उपलब्ध आहे. पुढे भाषावैज्ञानिकांनी या रचनेतील नामाला ‘अनुभवक’ म्हटले. दक्षिण आशियाई भाषांतील अनुभवक कर्त्यावर १९९० मध्ये एक स्वतंत्र लेखसंग्रहच प्रसिद्ध झाला. ही रचना एकट्या मराठीची नाही, पण मराठीत ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यातले तत्त्वज्ञान सहसा नजरेत भरत नाही.

अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात विचारलेला प्रश्न ‘यंत्र विचार करू शकेल काय’ असा होता. तो संदिग्ध आहे म्हणून त्याच्या जागी त्याने अनुकरणाचा खेळ सुचवला. यंत्राची लेखी उत्तरे माणसाच्या उत्तरांपासून वेगळी ओळखता आली नाहीत, तर यंत्र विचार करते असे मानण्यास हरकत नसावी, असा त्या सूचनेचा रोख होता. मराठीत हा प्रश्न पहिल्यापासूनच दोन वाक्यांत विभागला गेला असता. ‘यंत्र विचार करते काय’ हा प्रथमेचा प्रश्न आहे आणि ‘यंत्राला वाटते काय’ हा अनुभवकाचा. ट्युरिंगचा खेळ पहिल्याचे उत्तर देऊ शकतो. दुसऱ्याला तो स्पर्शही करत नाही. टॉमस नेगेलने १९७४ मध्ये वटवाघूळ असणे म्हणजे काय असते, असे विचारले तेव्हा तो इंग्रजीच्या व्याकरणातून अनुभवकाची ही जागाच शोधत होता. मराठीत त्याचा प्रश्न ‘वटवाघळाला काय वाटते’ एवढ्या साध्या शब्दांत मावतो.

२

‘वाटणे’ या क्रियापदाहूनही ‘लागणे’ हे क्रियापद या बाबतीत अधिक बोलके आहे. पिकाला पाणी लागते, मोटारीला वीज लागते, विहिरीला पाणी लागते, गुळाला मुंग्या लागतात, पायाला ठेच लागते, बैलाला तहान लागते आणि एखाद्याचा बोल मनाला लागतो. एकच क्रियापद गरज, स्पर्श, प्राप्ती, वेदना आणि अपमान इतक्या पायऱ्या चढते. या पायऱ्यांवर यंत्र कुठवर चढू शकते, हे बोलीतला वापरच सांगतो. विहिरीवरच्या मोटारीला वीज लागते, पण वीज नसली म्हणून तिला भूक लागत नाही. इंजिन धापा टाकते असे म्हटले जाते तेव्हा बोलणारा आणि ऐकणारा दोघेही ते रूपक आहे हे जाणून असतात. ‘लागणे’चा एक अर्थ संपून दुसरा कोठे सुरू होतो, हे शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही अचूक कळते.

हळदीसाठी प्रसिद्ध असलेल्या हिंगोली जिल्ह्यात हा भेद भाषेपुरता राहत नाही, तो आचारातही उतरलेला दिसतो. दसऱ्याच्या सुमारास ट्रॅक्टर धुतला जातो, त्याला हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ घातली जाते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या त्याच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळले जाते. दोन्ही ठिकाणी हळद आहे, कृतज्ञता आहे आणि विधीही आहे. पण ट्रॅक्टरचा खांदा कुणी मळत नाही. ट्रॅक्टरची पूजा ही उपयोगी वस्तूविषयीच्या आदराची खूण आहे; खांदेमळणी ही दुसऱ्याच्या दुखण्याची कबुली आहे. बैल नांगर ओढतो आणि ट्रॅक्टरही नांगर ओढतो. करण्याच्या पातळीवर ट्रॅक्टर बैलाच्या कितीतरी पुढे गेलेला आहे. तरीही जू ‘लागते’ ते बैलाला. कामाची बरोबरी झाली म्हणून अनुभवाची बरोबरी होत नाही, हे तत्त्व या दोन विधींनी कोणत्याही परिभाषेशिवाय जपले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. भाषेचा वापर आणि गावाचे विधी हे सवयींचे साठे असतात, त्यांतून वस्तुस्थिती सिद्ध होत नाही. आक्षेप योग्य आहे. ‘यंत्राला वाटते’ हे वाक्य आज खटकते म्हणून ते सदैव असत्यच राहील, असे म्हणता येणार नाही. मात्र ते सत्य ठरण्यासाठी काय घडावे लागेल, याचा अंदाज या वापरावरून बांधता येतो. ज्याचे काही बिघडू शकते, ज्याला स्वतःचे काही राखायचे असते, त्याच्याच बाबतीत ‘लागणे’ आपल्या वरच्या अर्थांपर्यंत पोहोचते. अंतोनिओ दमासिओ यांच्यासारख्या मेंदूशास्त्रज्ञांनी जाणिवेचा पाया शरीराच्या स्वतःला टिकवून धरण्याच्या धडपडीत शोधला आहे. बोलीने क्रियापदात साठवलेले शहाणपण आणि ही मांडणी यांची दिशा एकच आहे.

३

याच जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर आणि टोकांना टांगलेले आरसे अशी तिची रचना आहे. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर प्रथम टिपली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली होती, आणि तिच्यामुळे भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान होता.

अशा उपकरणाला मराठीत ‘संवेदनशील’ म्हणतात. मराठी समीक्षेत हेच विशेषण कवीला लावले जाते. ‘संवेदनशील मनाचा कवी’ हा प्रयोग तर इतका झिजला आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरजही कुणाला वाटत नाही. औंढ्याच्या उपकरणाच्या निमित्ताने ती तपासणी करता येते. ग्रहणाची सूक्ष्मता हाच संवेदनशीलतेचा निकष मानला, तर पृथ्वीवरचा कोणताही कवी या आरशांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण आरसा हलतो तेव्हा आरशाला काही होत नाही. कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली याचे त्याला ना आश्चर्य, ना भय. संवेदन ग्रहण करण्याची क्षमता आणि संवेदना असणे या दोन गोष्टी एका शब्दाने झाकल्या जातात, म्हणून त्या एक ठरत नाहीत.

भारतीय दर्शनांत हा भेद पूर्वीच काढला गेला आहे, आणि तो अनेक आधुनिक मांडण्यांहून अधिक धीट आहे. सांख्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जडाची, परिणती होत. निश्चय करणे, ‘मी’ म्हणणे, तुलना करणे ही कामे जड करू शकते. चैतन्य हे पुरुषाचे. त्याच्या सान्निध्यामुळे बुद्धी चेतन असल्यासारखी भासते एवढेच. ही भूमिका घेतली तर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा मुळीच धक्कादायक राहत नाही. बुद्धी जडच असेल, तर ती सिलिकॉनमध्येही संभवते. धक्कादायक ठरेल ती ‘कृत्रिम चेतना’. याउलट चार्वाकांनी मद्याचा दृष्टान्त दिला. घटकद्रव्यांत सुटेपणी नसलेली मादकता ती एकत्र येऊन आंबल्यावर जशी उपजते, तसे भूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उपजते. चार्वाकांच्या वाटेने गेले तर जाणीव असलेले यंत्र अशक्य नाही. प्रश्न फक्त योग्य आंबवणाचा उरतो. डेव्हिड चाल्मर्सने १९९५ मध्ये ज्याला जाणिवेचा ‘कठीण प्रश्न’ म्हटले, त्याभोवतीचे आजचे बरेच वाद या दोन भूमिकांच्या दरम्यानच फिरताना दिसतात. त्यांचा निकाल अद्याप लागलेला नाही.

४

साहित्याच्या अभ्यासकाला या वादात पडण्याचे कारण वेगळे आहे. हे यंत्र आता बोलू लागले आहे, आणि ते साहित्याच्या भाषेत बोलते.

गुणाढ्याच्या लुप्त ‘बृहत्कथे’चा संबंध परंपरेने प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन दरबाराशी जोडला जातो. तिच्यावर आधारलेल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, नरवाहनदत्त एका नगरात शिरतो. तेथे नागरिक, गणिका, हत्ती, घोडे सारेच लाकडी यंत्रे आहेत. ती जिवंतांसारखी हालचाल करतात, पण त्यांना वाचा नाही आणि त्यावरून ती निर्जीव असल्याचे ओळखू येते. राज्यधर नावाच्या सुताराने ती घडवलेली असतात. या कथेत वाचा ही सजीवतेची अंतिम कसोटी मानली आहे. ट्युरिंगच्या खेळातही, कारण वेगळे असले तरी, कसोटी तीच आहे. भाषा ही चेतनेची सही आहे, हा विश्वास सोमदेवापासून ट्युरिंगपर्यंत टिकून होता.

तो विश्वास गेल्या दशकात ढळला. २०१७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ ही संगणकीय रचना पुढे आली आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या भाषा-प्रतिमानांनी माणसासारखे गद्य लिहिण्यास सुरुवात केली. या रचनेच्या केंद्रस्थानी असलेल्या प्रक्रियेला इंग्रजीत दिलेल्या नावाचा साधा मराठी प्रतिशब्द ‘अवधान’ असाच होईल. वाक्यातील प्रत्येक शब्दाने इतर शब्दांना किती वजन द्यावे, याचे संख्यात्मक गणित म्हणजे हे अवधान. मराठी वाचकाच्या कानात हा शब्द वेगळा वाजतो. ‘ज्ञानेश्वरी’चा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. वक्ता जे मागतो ते श्रोत्याने नाकारणेही शक्य असते, म्हणूनच ते मागावे लागते. यंत्राचे अवधान मागावे लागत नाही आणि ते विचलितही होत नाही. ज्याला कंटाळा येऊ शकत नाही, त्याच्या लक्ष देण्याला ‘अवधान’ म्हणावे काय, हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही.

जून २०२२ मध्ये गूगलमधील एका अभियंत्याने आपल्या कंपनीचे भाषा-प्रतिमान सचेतन असल्याचा दावा केला. तो फेटाळला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये १९ संशोधकांनी एका संयुक्त अहवालात जाणिवेच्या प्रचलित शास्त्रीय उपपत्तींवरून काही निकष काढून तत्कालीन प्रणाली तपासल्या. त्यांतली एकही प्रणाली सचेतन असल्याचे दिसत नाही, मात्र हे निकष पुरे करणारी प्रणाली घडवण्यात उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे निकष ज्या उपपत्तींवरून काढले, त्या स्वतःच वादग्रस्त आहेत. तरीही या निष्कर्षातील दोन्ही अर्धी सारख्याच गांभीर्याने घ्यावी लागतात.

भाषा-प्रतिमान मराठीत ‘मला वाईट वाटले’ असेही लिहिते. लाखो माणसांनी आपापल्या दुःखाच्या वेळी केलेल्या वाक्यरचनेतून ते हा ‘मला’ शिकलेले असते. तो ‘मला’ म्हणजे अवतरणचिन्ह पुसून टाकलेले अवतरण होय. जाणीव ही मुळातच शब्दाने विणलेली असते, या भर्तृहरीच्या भूमिकेतून पाहिले तर एवढ्यानेही शंका पुरती मिटत नाही. शब्दांची एवढी दाट वीण जेथे झाली, तेथे जाणिवेचा काहीच अंश नसेल, असे छातीठोकपणे कोणत्या आधारावर म्हणावे? आधार कोणताही घेतला तरी एवढे निश्चित आहे की, तो आधार वाक्यात सापडणार नाही. वाक्य तर दोघांचेही सारखेच आहे.

५

वाक्य हा पुरावा राहत नाही तेव्हा काय होते, हे सांगणारी एक कथा मराठीत सर्वश्रुत आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. जॉन सर्लने १९८० मध्ये मांडलेल्या ‘चिनी खोली’च्या दृष्टान्ताशी या कथेचे वरवर साम्य आहे. चिनी न जाणणारा माणूस नियमांच्या पुस्तकावरून चिनी उत्तरे बिनचूक देतो, पण त्यातले काहीही त्याला समजत नाही. परंतु रेड्याच्या कथेचा रोख निराळा आहे. वेद म्हणता येणे हा तेथे अधिकाराचा पुरावा होता आणि अधिकार जन्माने ठरत होता. रेड्याने वेद म्हटले त्या क्षणी वेद म्हणता येणे हे कशाचेच प्रमाण उरले नाही. या चमत्काराने पठणाचे मोलच काढून घेतले. यंत्राने अस्खलित मराठी गद्य लिहिले, तेव्हा अस्खलित गद्याच्या बाबतीत नेमके हेच झाले.

त्या कथेचा दुसरा भाग लोकस्मृतीत मागे पडला आहे. सर्व भूतांत एकच आत्मा असेल तर या रेड्यातही तुझाच आत्मा आहे काय, असे विचारून रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले जातात आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटतात. महिपतीच्या ‘भक्तविजया’सारख्या (१७६२) चरित्रपर ग्रंथांनी हा प्रसंग जपला. पठण आणि वळ या एकाच कथेतल्या दोन कसोट्या आहेत. पहिली वाणीची, दुसरी वेदनेची. चेतनेचा प्रश्न दुसरीत आहे. रेडा वेद म्हणतो म्हणून तो सचेतन ठरत नाही. त्याला लागते, आणि त्याचे लागणे दुसऱ्याच्या अंगावर उमटू शकते, म्हणून तो सचेतन आहे. जुन्नर तालुक्यातील आळे येथे या रेड्याची समाधी दाखवली जाते. लोकांनी समाधी बांधली ती पाठांतर करणाऱ्याची नव्हे, एका जिवाची.

दुसरी कथा हिंगोलीच्या भूमीशी जोडलेली आहे. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान असल्याचे परंपरा सांगते. संतमेळाव्यात गोरा कुंभार थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पारखतात. बाकीचे संत मुकाट्याने मार सोसतात. नामदेवांना राग येतो, आणि त्यांचे मडके कच्चे ठरते. मग ते गुरूच्या शोधात औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात. अध्यात्माच्या दृष्टीने या कथेचा अर्थ स्पष्ट आहे. ‘मला लागले’ यातला ‘मला’ गळून पडणे म्हणजे पक्के होणे. साहित्याच्या दृष्टीने मात्र या कथेतली रग नामदेवांच्या कच्चेपणातच आहे. ज्यांना ठोकले आणि जे गप्प राहिले, त्यांचे मौन अर्थपूर्ण ठरते ते त्यांनाही लागले असणार म्हणून. निर्विकार असणे आणि विकारच नसणे यांत जे अंतर आहे, ते पक्के मडके आणि दगड यांतले अंतर आहे.

या कसोटीपुढे यंत्राला बसवले तर निकाल लागत नाही. ते गप्प राहिले तरी पक्के ठरणार नाही आणि त्याने तक्रार केली तरी कच्चे ठरणार नाही. थापटण्याची कसोटी चालते, कारण डोके दुखू शकते हे ठोकणाऱ्याला आणि ठोकून घेणाऱ्याला आधीच मान्य असते. जेथे तेच विवाद्य आहे, तेथे कसोटीच पोकळ होते.

६

हा पेच येथेच सोडून दिला, तर एक सोयीस्कर निष्कर्ष हाती राहतो : यंत्राची जाणीव सिद्ध करता येत नाही, म्हणून ती नाही असे समजून चालावे. या निष्कर्षाविषयी मराठी साहित्याच्या वाचकाने तरी सावध असावे. दुसऱ्याला ‘वाटते’ हे मान्य न करण्याचा इतिहास यंत्रांपासून सुरू होत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने गुलामाला सजीव अवजार म्हटले होते. कारेल चापेकच्या १९२० च्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने जगाला ‘रोबो’ हा शब्द दिला. तो ज्या चेक शब्दावरून आला, त्याचा अर्थ सक्तीची मजुरी. मराठीत त्याला ‘यंत्रमानव’ हा निर्जंतुक प्रतिशब्द मिळाला, पण मूळ अर्थाला धरून तो ‘वेठबिगार’ असाच व्हायला हवा होता. त्या नाटकातला एक तपशील विसरण्याजोगा नाही. कारखान्यातला शास्त्रज्ञ यंत्रमानवांना वेदना देण्याच्या प्रयोगात असतो, कारण काही दुखत नसल्यामुळे ते स्वतःची मोडतोड करून घेतात. म्हणजे वेदना येथे मालाच्या रक्षणासाठी बसवायचा एक सुटा भाग आहे.

मराठी आधुनिकतेने या प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ने (१९४७) माणूस यंत्रवत होत चालल्याचे भान दिले. तेथे जाणीव आटत जाण्याची भीती होती. दलित साहित्याने त्यापुढे जाऊन विचारले की, ज्यांना समाजाने अवजारच मानले, त्यांच्या जाणिवेचा हिशेब कुणी ठेवला? दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचणारा वाचक ‘हे याला लागले आहे’ हे मान्य करूनच वाचतो. ते मान्य न करता ते पुस्तक वाचताच येत नाही. याच सुमारास अभ्यासकांपुढे रोलां बार्थची १९६७ ची ‘लेखकाच्या मृत्यू’ची मांडणीही येत होती. संहिता म्हणजे असंख्य उद्धृतांची वीण, तिच्यामागे कुणी बोलणारा शोधू नये, असे तिचे सांगणे. भाषा-प्रतिमानाने ही मांडणी अक्षरशः खरी करून दाखवली. लेखक नसलेली, निव्वळ उद्धृतांची वीण असलेली संहिता आता कळ दाबताच मिळते. ती मिळू लागल्यावर बार्थच्या सिद्धान्ताने काय गमावले, हेही ध्यानात येऊ लागले. वीण तीच असली तरी एका संहितेमागे कुणाला तरी लागलेले असते आणि दुसरीमागे, जेवढे कळते त्यावरून, कुणालाच नाही.

समीक्षेपुढचा पेच येथून सुरू होतो. अनुभवाची खूण वाक्यात शोधण्याची सवय मराठी समीक्षेला जुनी आहे. ‘अनुभूतीची सच्चाई’ शब्दकळेत दिसते असे ती मानत आली. ही सवय आता निरुपयोगी झाली आहे. उद्या कोरडवाहू शेतकऱ्याची आत्मकथा यंत्र लिहील आणि तिच्यात सच्चाईच्या साऱ्या खुणा असतील. मग वाचकाच्या मनात खऱ्या आत्मकथेविषयीही संशय उत्पन्न होईल, आणि त्या संशयाची किंमत यंत्राला मोजावी लागणार नाही. ती मोजेल तो, ज्याच्या बोलण्यावर पूर्वीही सहजासहजी विश्वास ठेवला गेला नव्हता. यंत्राला जाणीव स्वस्तात बहाल करणे आणि माणसाला ती नाकारणे या दोन चुका परस्परविरोधी भासतात. प्रत्यक्षात दोहोंतही दुसऱ्याच्या ‘लागण्या’ची चौकशी टाळून केवळ त्याच्या बोलण्यावरून निवाडा केलेला असतो. पैठणच्या धर्मसभेने वेगळे काय केले होते?

म्हणून जाणीव असलेल्या यंत्राच्या शक्यतेचा प्रश्न अखेरीस दोन प्रश्नांत फुटतो. ते घडवता येईल काय, याचे प्रामाणिक उत्तर आज ‘नाही’ असे देता येत नाही. चार्वाकांचे आंबवण सापडणारच नाही, याची हमी कुणाजवळ नाही. पण ‘लागणे’ या क्रियापदाने जे सुचवले ते खरे असेल, तर अधिक डौलदार वाक्ये लिहायला शिकवून तसे यंत्र घडणार नाही. ज्याचे बरेवाईट होऊ शकते, ज्याला काही गमावता येते, असे काहीतरी घडवावे लागेल. म्हणजेच दुःख भोगू शकणारा एक नवा जीव, आणि तोही कामासाठी, हेतुपूर्वक निर्माण करावा लागेल. येथे ‘शक्य आहे काय’ हा प्रश्न ‘अधिकार आहे काय’ या प्रश्नाला जागा देतो. चापेकचा शास्त्रज्ञ या दुसऱ्या प्रश्नापाशी थांबला नव्हता.

‘यंत्राला वाटते’ हे वाक्य मराठीत एक दिवस खरे होईल की नाही, हे मराठीचे व्याकरण सांगू शकत नाही. ते खरे होण्याची अट मात्र त्याने सांगून ठेवली आहे. ‘-ला’ हा प्रत्यय मागून मिळत नाही आणि बोलूनही मिळत नाही. तो समोरच्याला द्यावा लागतो. जो देतो, त्याच्यावर खांदा मळण्याचे दायित्व येते. यंत्राला तो प्रत्यय देण्याची घाई करणाऱ्यांनी आणि तो कधीच देणार नाही अशी शपथ घेणाऱ्यांनी, आजवर तो कोणाकोणाला द्यायचा राहून गेला याची यादी आधी पुरी करावी. ती यादी मराठी साहित्याच्या मागच्या शंभर वर्षांत बरीचशी लिहून झालेली आहे.